बार फुसका का निघतो?

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मुलांची एक मोहीम चालते. आदल्या रात्री न फुटलेले फटाके गोळा करण्याची. त्यात नीट पाहिलं तर तीन-चार प्रकार सापडतात. कुणाची वात मध्येच विझलेली असते. कुणाची वात शेवटपर्यंत जळलेली असते, पण आतली दारू तशीच. एखादा दवानं सादळलेला असतो. आणि एखादा असा असतो, की जो मेला म्हणून हातात घ्यावा आणि नेमका तेव्हाच फुटावा. दर वर्षी काही मुलांचे हात भाजतात ते या शेवटच्या प्रकारामुळे.

या सगळ्यांना आपण एकच नाव देतो, 'फुसका बार'. पण 'बार' हा शब्द मुळात बंदुकीचा. नळीत भरून ठासलेली दारू आणि गोळी म्हणजे बार. बार भरायचा, बार काढायचा, आणि नशीब आडवं आलं तर बार फुसका निघायचा. हा फुसका बार का निघतो, या साध्या प्रश्नामागे तीन-चारशे वर्षांचं रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान आहे. थोडं गणितही आहे, आणि ते वर्गात सहज करून दाखवता येतं. म्हणून आज ठासणीच्या बंदुकीची गोष्ट.

ज्या बंदुकीत दारू आणि गोळी पुढच्या तोंडाकडून भरून गजानं ठासतात, ती ठासणीची बंदूक. काडतुसं आल्यावर ती लष्करातून गेली, पण जगातून गेली नाही. कोकणात रानडुकरं आणि माकडांपासून शेती राखण्यासाठी परवान्यावर बाळगलेल्या ठासणीच्या बंदुका अनेकांनी पाहिल्या असतील. माझ्या आजोळी माळ्याच्या तुळईला अशीच एक बंदूक टांगलेली असे. पावसाळ्यात तिच्यावर भरवसा नाही, असं घरातली मोठी माणसं म्हणत. अमेरिकेत तर अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी फक्त ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. त्यामुळे तिथे या जुन्या हत्याराच्या नव्या आवृत्त्या आजही तयार होतात आणि 'बार उडेलच' याची खात्री कशी वाढवावी, यावर आजही डोकं चालवलं जातं.

खात्रीला एवढं महत्त्व का? कारण पुन्हा ठासायला सरावलेल्या हातालाही अर्धा मिनिट लागतो. म्हणजे संधी एकच. बार उडाला नाही तर शिकार हुकते, हे त्यातल्या त्यात बरं. तो थोडा उशिरा उडाला तर मात्र नेम हललेला असतो आणि जनावर जखमी होऊन रानात जातं. आणि उडाला नाही असं समजून माणसानं नळी स्वतःकडे वळवली, तर त्या फटाक्यासारखीच गत होते. फक्त इथे हात भाजण्यावर भागत नाही.

ठिणगी कशाची असते?

सर्वांत जुनी ती तोड्याची बंदूक. सोऱ्यात भिजवून वाळवलेली दोरी, म्हणजे तोडा, सतत धुमसत ठेवायचा आणि चाप ओढला की त्याचं जळतं टोक दारूवर टेकायचं. पाऊस आला की तोडा विझला. शिवाय अंधारात तोड्याचा लाल ठिपका शत्रूला दिसायचा.

त्यानंतर आली चकमकीची बंदूक. तिच्या 'घोड्या'च्या जबड्यात चकमकीचा तुकडा घट्ट बसवलेला असतो. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो आणि चकमकीची धार एका पोलादी पट्टीवर खरवडत जाते. त्या धक्क्यानं पट्टी मागे उलटते, तिच्याखालची छोटी खळगी उघडी पडते आणि ठिणग्या त्या खळगीत पडतात. खळगीत चिमूटभर अगदी बारीक दारू असते. तिला आपल्याकडे 'रंजक' म्हणत. रंजक भडकतं, त्याची ज्वाळा नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, म्हणजे बंदुकीच्या 'काना'तून आत शिरते आणि मुख्य दारू पेटते.

इथे वर्गात एक प्रश्न जरूर विचारा. ठिणगी कशाची असते, दगडाची की पोलादाची? बहुतेक मुलं 'दगडाची' म्हणतात. खरं तर दगड फक्त सुरी बनतो. तो पोलादापेक्षा कठीण असल्यानं पोलादाचे अतिसूक्ष्म कण खरवडून काढतो. खरवडताना हे कण तापतात, आणि आकारमानाच्या मानानं त्यांचा पृष्ठभाग प्रचंड असल्यानं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ते जळू लागतात. ठिणगी म्हणजे जळणारं लोखंड! म्हणूनच पट्टीचं पोलाद नीट कडक केलेलं असावं लागतं. मऊ लोखंडावर कितीही चांगली चकमक मारली तरी ठिणग्या नीट पडत नाहीत.

दारूची दोन दुखणी

बंदुकीची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण. सोरा ऑक्सिजन पुरवतो, कोळसा जळण आहे, आणि गंधक जळण तर आहेच, शिवाय तो असल्यानं मिश्रण कमी तापमानाला पेट घेतं. ठिणगीला चटकन दाद देणं हा या दारूचा मोठा गुण. पण तिची दोन दुखणी आहेत.

पहिलं दुखणं ओलाव्याचं. दारूच्या कणांवर पाण्याचा पातळ थर असेल तर ठिणगीची उष्णता आधी ते पाणी तापवण्यात आणि त्याची वाफ करण्यात खर्ची पडते. पाण्याची वाफ करायला किती उष्णता लागते, हे आपण आठवी-नववीत शिकवतोच. एका इवल्या ठिणगीजवळ तेवढी उष्णता कुठून असणार?

१७५७ सालची प्लासीची लढाई इतिहासाच्या पुस्तकात असते. त्या दिवशी, २३ जूनला, दुपारी पावसाची जोरदार सर आली. इंग्रजांनी आपला दारूगोळा ताडपत्र्यांखाली झाकला. नवाबाच्या सैन्यानं झाकला नाही आणि त्यांच्या तोफा थंड पडल्या. प्लासीचा निकाल एकट्या पावसानं लावला असं कुणी म्हणणार नाही. फितुरीचा वाटा मोठा होताच. पण पदार्थविज्ञानाचाही वाटा होता, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

दुसरं दुखणं काजळीचं. काळी दारू जळल्यावर तिचा सगळा वायू होत नाही. वजनानं पाहिलं तर निम्म्याहून अधिक भाग घन पदार्थांच्या रूपात मागे राहतो. धुराचा तो पांढरा ढग आणि नळीत साचणारा काळा थर म्हणजे हेच पदार्थ. त्यात पोटॅशियम कार्बोनेट बरंच असतं आणि ते हवेतलं बाष्प ओढून घेतं. चुलीतली राख पावसाळ्यात कशी ओलसर होते, आठवून पाहा. लाकडाच्या राखेतही हेच कार्बोनेट असतं. म्हणजे प्रत्येक बार उडाला की पुढच्या बारासाठी नळीत एक ओला, चिकट थर तयार. हा थर कानात साचला की ज्वाळेची वाटच बंद! मग रंजक बाहेर भडकून विझतं आणि नळीतला बार तसाच राहतो.

पाखरं हुशार झाली

यावर उपाय शोधला तो कुणा सेनापतीनं नव्हे, तर एका पाद्र्यानं. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी या गावी अलेक्झांडर फोर्सिथ नावाचे धर्मोपदेशक होते. त्यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. त्यांच्या लक्षात आलं, की चाप ओढल्यावर आधी खळगीतलं रंजक भडकतं, बार त्यानंतर उडतो, आणि मधल्या निमिषात, तो भडका पाहून, पाखरू पाण्यात बुडी मारतं. हा वेळ असतो सेकंदाच्या काही शतांशांएवढा. पण पाखराला तेवढा पुरतो.

त्याआधी थोडे दिवस, १८०० साली, इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्ड यांनी मर्क्युरी फल्मिनेट या पाऱ्याच्या संयुगाची माहिती प्रसिद्ध केली होती. या संयुगाला पेटवायला ठिणगी लागत नाही, नुसता ठोका पुरतो. पण त्याचा स्फोट इतका अचानक होतो, की दारूऐवजी ते नळीत भरलं तर नळीच फुटेल. म्हणून दारूची जागा त्याला देता येईना.

फोर्सिथ यांनी प्रश्न उलटा केला. दारूची जागा नको, ठिणगीची जागा दिली तर? ठोक्यानं पेटणाऱ्या पदार्थाचा एक कण घ्यायचा, त्यावर घोड्याचा आघात करायचा आणि त्याची ज्वाळा थेट नळीत सोडायची. १८०७ साली त्यांनी याचं पेटंट घेतलं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्यात सुधारणा होत तांब्याची इवलीशी टोपी आली. टोपीच्या तळाशी स्फोटक पदार्थाचा लेप असतो. ती एका पोकळ खुंटीवर बसवायची आणि घोडा तिच्यावर आपटायचा. आपल्याकडे या टोपीला 'केप' म्हणतात. दिवाळीतल्या पिस्तुलाची टिकली ही तिची धाकटी बहीण. टिकलीतली रसायनं वेगळी, पण तत्त्व तेच: ठोका द्या, ज्वाळा मिळवा.

आता दोन्ही पद्धतींची तुलना करा. ठिणग्या उघड्या खळगीत पडत होत्या, तिथे वाऱ्यानं रंजक उडायचं, पावसानं भिजायचं. टोपीचा लेप मात्र तांब्याच्या आत झाकलेला, आणि टोपी खुंटीवर घट्ट बसलेली. पावसाला शिरायला वाव फारच कमी.

चार चांगल्या कड्यांची वाईट साखळी

सुधारणा किती झाली, हे मोजण्यासाठी ब्रिटिश लष्करानं १८३४ साली वुलिच इथे चाचणी घेतली. चकमकीच्या सहा बंदुका आणि टोपीच्या सहा बंदुका घेतल्या. दोन्ही प्रकारांनी प्रत्येकी ६००० बार, निरनिराळ्या हवामानात. निकाल असा:

चकमकीच्या बंदुका: ६००० पैकी ९२२ बार फुसके.
टोपीच्या बंदुका: ६००० पैकी ३६ बार फुसके.

म्हणजे चकमकीचा साधारण दर साडेसहावा बार फुकट, आणि टोपीचा १६६ बारांत एखादा. टक्केवारीत सांगायचं तर १५.४ आणि ०.६.

पंधरा टक्के अपयश म्हटल्यावर आपल्याला वाटतं, की चकमकीच्या बंदुकीत काहीतरी अगदीच गचाळ असणार. गंमत अशी, की तसं काही नव्हतं. बार उडण्यासाठी चार गोष्टी एकापाठोपाठ एक घडाव्या लागतात. चकमकीनं ठिणग्या पाडायच्या, ठिणग्यांनी रंजक पेटवायचं, रंजकाच्या ज्वाळेनं कानातून आत जायचं आणि आत गेलेल्या ज्वाळेनं मुख्य दारू पेटवायची. समजा, यातली प्रत्येक पायरी १०० पैकी ९६ वेळा यशस्वी होते. परीक्षेत ९६ गुण मिळवणाऱ्या मुलाला आपण डोक्यावर घेतो! पण चारही पायऱ्या एकाच वेळी यशस्वी होण्याची शक्यता किती?

०.९६ × ०.९६ × ०.९६ × ०.९६ = ०.८५

म्हणजे १०० पैकी १५ बार फुसके. वुलिचच्या आकड्याच्या अगदी जवळ. प्रत्यक्षात चारही कड्या सारख्याच मजबूत असतील असं नाही. आपण हिशेबाच्या सोयीसाठी तसं मानलं. पण मुद्दा स्पष्ट होतो. साखळीतल्या कड्यांच्या यशाची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. आणि एकाहून लहान संख्यांचा गुणाकार प्रत्येक पायरीला लहान होत जातो.

टोपीच्या बंदुकीत कड्या उरल्या तीन: टोपी फुटणं, ज्वाळा आत जाणं आणि दारू पेटणं. शिवाय पहिली कडी फारच भक्कम झाली. खात्री वाढवण्याचे दोनच मार्ग असतात, कड्या कमी करा किंवा सर्वांत कच्ची कडी पक्की करा. टोपीनं दोन्ही साधलं.

उशिराची किंमत

निकाल हातात असूनही लष्कराची गाडी हळूच चालली. फोर्सिथ यांचं पेटंट १८०७ चं, चाचणी १८३४ ची, आणि नव्या बंदुका पलटणींत पोहोचू लागल्या त्या त्यानंतर काही वर्षांनी, त्याही आधी गोऱ्या पलटणींत. या उशिराची किंमत कुणी दिली, ते पाहण्यासाठी चीनमध्ये जावं लागतं.

१८४१ साली पहिलं अफूचं युद्ध चालू होतं. ईस्ट इंडिया कंपनीनं मद्रासच्या देशी पलटणी तिकडे नेल्या होत्या. ३० मे रोजी कँटन शहराबाहेर, सान-युआन-ली गावाच्या परिसरात, मद्रासच्या ३७ व्या पलटणीची सुमारे साठ शिपायांची एक तुकडी मुख्य फौजेपासून तुटली. भाले घेतलेल्या हजारो गावकऱ्यांनी तिला घेरलं. त्यात मुसळधार पाऊस. शिपायांच्या बंदुका चकमकीच्या होत्या. रंजक भिजलं आणि बार उडेनात. हातात संगिनी लावलेल्या, पण एरवी मुक्या झालेल्या बंदुका घेऊन ते चौकोन करून उभे राहिले.

त्यांना शोधायला मरीन सैनिकांच्या दोन तुकड्या पाठवल्या गेल्या. त्या मुद्दाम निवडल्या होत्या, कारण त्यांच्याकडे टोपीच्या बंदुका होत्या. त्याच पावसात त्यांचे बार उडाले आणि अंधार पडल्यावर तुकडीची सुटका झाली. परक्या मुलखात, परक्यांच्या युद्धात, आपल्या गावावर आलेल्या सैन्याशी लढणाऱ्या गावकऱ्यांसमोर उभे केलेले हे शिपाई तमिळ-तेलुगू मुलखातले. तांब्याच्या त्या टोपीचा फायदा चाचणीत सात वर्षांपूर्वी सिद्ध झाला होता. तो त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. विज्ञानाचा शोध आणि त्याचा लाभ यांच्यामध्येही एक साखळी असते, आणि तिचीही एखादी कडी कच्ची असते.

नवी बंदूक, जुनाच प्रश्न

आता एकदम आपल्या काळात येऊ. अमेरिकेत शिकारीच्या खास हंगामांमुळे ठासणीच्या बंदुकीला पुन्हा मागणी आली. पेनसिल्व्हेनिया राज्यानं १९७४ साली फक्त चकमकीच्या बंदुकीसाठी हंगाम सुरू केला. इतर अनेक ठिकाणी टोपी चालते. हिवाळा, बर्फ, दिवसभराची वाट आणि शेवटी एकच बार. साहजिकच फुसक्या बाराचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. टोपी आल्यावर पहिली कडी पक्की झाली होती. मग आता कच्ची कडी कोणती?

ती होती ज्वाळेची वाट. जुन्या घडणीत टोपीची खुंटी नळीच्या बाजूला असते. ज्वाळा खुंटीतून खाली येते, काटकोनात वळते आणि मग दारूपर्यंत पोहोचते. प्रत्येक वळणावर ती धातूच्या थंड भिंतीला उष्णता देत जाते. शिवाय काजळी, तेल आणि ओलावा साचण्याची हक्काची जागा म्हणजे हे वळण. साफसफाईनंतर नळीला लावलेलं तेल ओघळून इथेच उतरतं. म्हणूनच बार भरण्यापूर्वी नुसत्या एक-दोन टोप्या उडवून वाट कोरडी आणि मोकळी करण्याचा प्रघात आहे.

मिसुरी राज्यातल्या टोनी नाइट या बंदूक बनवणाऱ्या कारागिरानं १९८५ साली बाजारात आणलेल्या बंदुकीत खुंटी बाजूची काढून थेट दारूच्या मागे, नळीच्या अक्षावरच बसवली. ही कल्पना अगदीच नवी नव्हती, पण ती लोकप्रिय झाली ती इथून. वळण गेलं, वाट आखूड आणि सरळ झाली. आणखी एक फायदा झाला. नळीचं बूड आट्यांच्या बुचानं बंद केलेलं असल्यानं ते काढून नळी आरपार साफ करता येऊ लागली. दिसेल ते साफ होतं. न दिसणारी काजळी तशीच राहते.

पुढची पायरी ज्वाळेच्या ताकदीची. तांब्याच्या टोपीऐवजी छऱ्याच्या काडतुसात वापरतात तो २०९ क्रमांकाचा प्रायमर वापरात आला. तो मोठा असतो, पूर्णपणे झाकलेला असतो आणि त्याची ज्वाळा कितीतरी जोरकस. या ज्वाळेत नुसता तप्त वायू नसतो, तापलेले घन कणही असतात. त्यांचं महत्त्व स्वयंपाकघरातून समजेल. गरम भट्टीच्या तोंडाशी आपण क्षणभर हात नेऊ शकतो. पण फोडणीतून उडालेला तेलाचा एक थेंब हातावर पडला तर फोड येतो. वायू विरळ असतो, त्यामुळे त्याच्याजवळ उष्णतेचा साठा थोडा. थेंबात किंवा कणात तो बराच असतो आणि तो एकाच जागी दिला जातो.

ही ताकद लागू लागली त्याला कारण दारूही बदलली होती. काळी दारू फारच चटकन पेटते, म्हणून तिच्या साठवणीवर आणि वाहतुकीवर कडक बंधनं आली. तिच्याऐवजी निघालेल्या पर्यायी दारू पेटायला अधिक तापमान लागतं. साठवायला त्या सुरक्षित खऱ्या, पण पेटायला आळशी. जो गुण कोठारात हवा तोच नळीत दोष ठरला.

यावर काढलेला एक तोडगा मला फार आवडतो. पर्यायी दारूच्या दाबून केलेल्या वड्या मिळतात. त्यातल्या काही वड्यांच्या एका टोकाला काळ्या दारूचा पातळ थर दिलेला असतो. ते टोक प्रायमरच्या बाजूला ठेवायचं. प्रायमर काळ्या दारूला पेटवतो आणि काळी दारू वडीला. नीट पाहा, हे आपलं जुनं रंजकच आहे! चटकन पेटणाऱ्यानं उशिरा पेटणाऱ्याला पेटवायचं. चूल पेटवताना आधी काटक्या आणि मग लाकडं लावणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं.

जास्त आग म्हणजे जास्त खात्री?

मग प्रायमर आणखी जोरदार करत जावं का? इथे गोष्टीला एक वळण आहे. प्रायमरचा धक्का फार मोठा असेल तर दारू पूर्ण पेटण्याआधीच दारू आणि गोळी दोन्ही थोडी पुढे ढकलली जातात. दारूमागची पोकळी वाढते आणि ती दर वेळी वेगळी असते. त्यामुळे प्रत्येक बाराचा दाब वेगळा आणि गोळी पडण्याची जागाही वेगळी. हा अनुभव आल्यावर कारखानदारांनी ठासणीच्या बंदुकीसाठी मुद्दाम सौम्य २०९ प्रायमर काढले. ज्वाळेची वाट रुंद केली तरी असंच होतं. आत जाणारी ज्वाळा वाढते, पण बार उडाल्यावर मागे येणारा वायूही वाढतो आणि तो काजळी नेमकी प्रायमरच्या जागी आणून टाकतो. पक्क्या कडीला आणखी पक्कं करण्याच्या नादात शेजारची कडी कच्ची होते, ती अशी.

ओलाव्याचा प्रश्नही संपलेला नाही, फक्त त्यानं रूप बदललं. दिवसभर थंडीत फिरलेली भरलेली बंदूक रात्री उबदार खोलीत आणली तर धातूवर दव जमतं, बाहेरून आणि आतूनही. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसंच. सकाळी बार फुसका. पाऊस नाही, बर्फ नाही, तरी दारू ओली! जाणते शिकारी म्हणूनच बंदूक थंड जागेतच ठेवतात, अर्थात टोपी काढून आणि कुलपात.

काहींनी ठिणगीच विजेची केली. २००७ च्या सुमारास एका कंपनीनं ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी ठासणीची बंदूक आणली. टोपी नाही, घोडा नाही, नुसती विद्युत ठिणगी. तिचं उत्पादन पुढे बंद झालं. २०२० साली दुसरी एक पद्धत आली. दारू प्लॅस्टिकच्या बंद कुपीत येते, ती मागून बसवायची. गोळी मात्र पुढूनच ठासायची. ओलावा शिरायला वावच नाही. पण मग हिला ठासणीची बंदूक म्हणायचं का, यावर अमेरिकेतल्या राज्यांचं एकमत झालं नाही. साखळीतल्या कड्या कमी करत करत आपण काडतुसाच्या दाराशी येऊन पोहोचलो. काडतूस म्हणजे तरी काय? ठिणगी, दारू आणि गोळी एकाच कोरड्या डबीत बंद केलेली.

एक गोष्ट मात्र चकमकीपासून बॅटरीपर्यंत बदललेली नाही. चाप ओढून बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला तशीच रोखून निदान मिनिटभर थांबायचं. आत एखादा कण धुमसत असू शकतो. हाच नियम दिवाळीच्या सकाळी अंगणातल्या मुलांनाही सांगायचा, आणि फुसक्या फटाक्यावर हात घालण्याआधी लांबून बादलीभर पाणी ओतायचं.

बंदुकीची गोष्ट एवढी सांगितली ती बंदुकीसाठी नव्हे. कारखान्यातून निघालेली लस खेड्यातल्या बाळापर्यंत थंड राहून पोहोचते, तीही अशीच साखळी आहे. तिथेही प्रत्येक जण ९६ टक्के चोख काम करतो आणि तरी काही लसी वाया जातात. अशा वेळी 'कोण चुकलं?' असं विचारण्याआधी 'कच्ची कडी कोणती, आणि एखादी कडी काढूनच टाकता येईल का?' असं विचारायला मुलं शिकली, तर वुलिचचे ते ९२२ फुसके बार सत्कारणी लागले असं म्हणता येईल.

वर्गात करून पाहा

१. चार डब्यांत प्रत्येकी २५ चिंचोके टाका. प्रत्येक डब्यातला एक चिंचोका रंगवा. चार मुलांनी न पाहता आपापल्या डब्यातून एकेक चिंचोका काढायचा. एकही रंगीत आला तर बार फुसका. चिंचोके परत टाकून हे १०० वेळा करा. साधारण १५ बार फुसके येतील, थोडे कमी किंवा जास्त. नंतर एक डबा काढून टाका आणि पुन्हा मोजा.

२. लोखंडी खिळा मेणबत्तीच्या ज्योतीत धरा. मग लोखंडाचा बारीक कीस चिमटीनं ज्योतीवर भुरभुरवा. ठिणग्या का पडल्या, मुलांनाच सांगू द्या. हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा आणि मुलांना दूर बसवावं.

३. पावसाळ्यात एका बशीत चुलीतली राख आणि दुसरीत कोरडी वाळू, दोन्ही सारख्या वजनाची, दोन दिवस उघड्यावर पण छपराखाली ठेवा. दर सकाळी वजन करा. कुणाचं वजन वाढलं? का?